पाठमोरी खुर्ची

दोन हजार बारा साल होतं आणि मी बासष्ट वर्षांचा होतो. त्या साली आमच्या माडीवरच्या खोलीत हायस्कुलाचे मराठीचे मास्तर भाड्यानं राहायला आले. सामान म्हणजे एक ट्रंक, एक गादी, एक स्टो आणि एक घडीची लोखंडी खुर्ची. ट्रंक मला उचलू दिली, खुर्ची दिली नाही. मी म्हटलं, असेल बापजाद्याची. नंतर कळलं, बाजारातली साधी खुर्ची होती. पण त्या खुर्चीवरून आमचं दोघांचं पुढं जे झालं ते गाव अजून सांगतं, आणि बहुतेक चुकीचं सांगतं, म्हणून मी लिहायला बसलोय. शाळा माझी तिसरीपर्यंत. चौथीत गुरुजीनं कान पिळला, तर मी पाटी विहिरीत टाकून घरी आलो आणि परत गेलो नाही. अक्षर वाकडं असेल, सांगणं वाकडं नाही.

गाव आमचं हुलसूरच्या अंगाला, दोन राज्यांच्या सीमेवर. घरात मराठी, देवळात कन्नड, बाजारात दोन्ही आणि भांडण पेटलं की दखनी. दरसाल जत्रेत बसवण्णाच्या गुडीसमोर, म्हणजे देवळासमोर, नाटक होतं. नाटक एकच, माझ्या बापाच्या काळापासूनचं. राजा हट्टाला पेटून लढाई मांडतो, एकुलत्या लेकाला पुढं धाडतो, लेक पडतो, आणि राजा त्याचं डोकं हातावर घेऊन बसतो. तो राजा मी. त्याआधी माझा बाप. पत्र्याचा मुकुट आहे, आरशाचे तुकडे जडवलेला, तो आमच्याच घरात असतो. आवाज माझा असा की माईक नव्हते तेव्हा वेशीबाहेरच्या चहावाल्याला संवाद पाठ झाले होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही. आहे ते सांगतो.

तर मास्तर आल्यावरची पहिली जत्रा. मी पडद्याआडून आलो, पहिली आरोळी दिली, समोर सगळं गाव. आणि उजव्या हाताला, खांबाच्या कडेला, लोखंडी खुर्ची, तिच्यावर मास्तर, आणि माझ्याकडं त्यांची पाठ! तोंड लोकांकडं. मी म्हटलं, आता वळतील, मग वळतील. लढाई झाली, लेक मेला, मी रडलो, आरती झाली. त्या माणसानं मान वळवली नाही.

सकाळी ते नळावर घागर भरायला आले तेव्हा मी गाठलंच.

"मास्तर, माझं तोंड वाईट दिसतंय का?"

"न्हाई अप्पा. कामून?"

"मग पाठ करून कामून बसलाव? राजा हाय मी. आमच्या गावात राजाला पाठ दावत न्हाईत."

मास्तरांनी घागर खाली ठेवली. त्यांना कुठलाही प्रश्न आला की आधी हातातली वस्तू खाली ठेवायची सवय. म्हणाले, "अप्पा, तुम्ही काय करायलाव ते तुम्हाला ठाऊक हाय. पेटीवाल्याला ठाऊक हाय. पण ते बघून ह्या माणसांचं काय व्हायलंय, ते कुणालाच ठाऊक न्हाई. म्या ते बघायलतो."

"आणि माझं काम? ते कसं झालं?"

"ते तुम्हाला मी कसं सांगू? मी बघितलंच न्हाई की."

आणि घागर उचलून माडीवर गेले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, ह्या माणसाची खुर्ची एकदा तरी माझ्याकडं वळवीन. त्याशिवाय मुकुट उतरवणार नाही.

हे ठरवणं सोपं होतं, कारण तेव्हा मुकुट उतरव म्हणणारं कुणी नव्हतं. पुढं आलं. राजपुत्राचं काम करणारा शिवराज तिशी ओलांडून दोन लेकरांचा बाप झाला, त्याचं पोट दिसायला लागलं, आणि जत्रेच्या कमिटीतली पोरं म्हणू लागली, "अप्पा, आता शिवराजला राजा करू. तुम्ही समोर बसा, मानानं." मानानं! मी सांगितलं, मास्तरची खुर्ची वळू द्या, त्या दिवशी देतो. पोरं हसली. त्यांना वाटलं म्हातारा सबब सांगतोय. सबब नव्हती.

मास्तर सगळीकडंच असे वागत. बस स्टँडावर भांडण लागलं की सारा गाव भांडण बघतो. हे भांडण बघणाऱ्यांना बघत. आमच्या घरी टीव्हीवर मालिका लागली की हे चहा घेऊन दाराशी बसत आणि आमच्या मंडळीला बघत. ती तर त्यांना तोंडावर म्हणायची, "मास्तर, तिकडं त्या सुनंला सासू छळायलीय, ते बघा. माझ्या तोंडावर काय हाय?"

"अक्का, तुमच्या तोंडावर बी तेच चाललंय. फकस्त तुम्ही सासूच्या बाजूनं हाव."

"व्हय की," ती म्हणायची, "त्या सुनंला भाकरी येत न्हाई."

अशी त्यांची जोडी जमली. मला त्या घरात माझंच कुणी वाटेना.

शाळेत त्यांनी पोरांना नाटक बघायला शिकवायचं काढलं. करायला नव्हे, बघायला. हेडमास्तर म्हणाले, हे पुस्तकात नाही, शाळेत चालायचं नाही. मग मास्तर पोरं घेऊन आमच्या अंगणात बसू लागले, रविवारी सकाळी, लिंबाखाली. मला विचारलं का? विचारलं. मी नाही म्हटलं का? म्हटलं. तोवर मंडळीनं सतरंजी टाकली होती.

मी दावणीला जनावरांचं करत करत ऐकायचो. ऐकायचो म्हणजे, आवाज कानावर यायचा. त्यांचे कायदे मजेशीर. वही आणायची नाही. नाटक झाल्यावर त्या दिवशी एकमेकांशी बोलायचं नाही, घरी जाऊन झोपायचं, सकाळी उरलं असेल ते घेऊन यायचं. आणि आधी पाहिलं काय ते सांगायचं, वाटलं काय ते मागनं. एखादं पोरगं उठून म्हणायचं, "सर, छान झालं." मास्तर म्हणायचे, "छान हे झाकण हाय बाळा. उघड, आत काय हाय बघू." पोरगं झाकण धरून उभं.

नाटकाला जाताना प्रत्येकाला काम वाटून द्यायचे. तू राजाचे पाय बघ. तू पेटीवाल्याला बघ. तू तुझ्या आजीला बघ, नाटक बघूच नको. एकदा सरकारी लोक चौकात संडास बांधा म्हणून नाटक करायला आले, ढोलकी घेऊन. एका पोराला मास्तरांनी सरपंचाला बघायला बसवलं. सकाळी ते पोरगं म्हणतं, "सर, नाटकात संडास म्हटलं की सरपंच मोबाइल कानाला लावायलते."

"वाजायलता का मोबाइल?"

"न्हाई सर."

"मग चौकात दोन नाटकं झाली. दोन्ही तू बघितलास. बस खाली."

मी गोठ्यात हसलो. म्हशीनं मान वर करून पाहिलं.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या नाटकात मधेच आहेर होतात. नाटक रंगात आलं की कुणाचा पाव्हणा टॉवेल-टोपी घेऊन स्टेजवर चढतो, माईकवाला नाव पुकारतो, नट आहेर घेतो, नमस्कार करतो आणि पुन्हा होता तसा होतो. शिवराजचा मामा चिटगुप्प्याहून दरसाल येतो आणि त्याची वेळ ठरलेली: भाचा मेल्यावर. कारण तेव्हा सगळ्यात जास्त लोक डोळे लावून असतात. मी लेकाचं डोकं हातावर घेऊन बसलेलो, बाया पदर डोळ्याला लावायच्या बेतात, आणि माईकवर आवाज येतो, "थांबा थांबा, मामाचा आहेर हाय." मेलेला शिवराज उठतो, फेटा बांधून घेतो, मामाच्या पाया पडतो, परत येऊन मरतो. आणि बाया राहिलेल्या जागेपासून रडायला लागतात. कुणाला त्यात काही वाटत नाही. बाहेरगावचे लोक हसतात. हसू देत.

दुसऱ्या का तिसऱ्या जत्रेनंतरची सकाळ. लिंबाखाली पोरं हसत होती, मेलेलं माणूस उठलं म्हणून. मास्तर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "मेलेला उठला, हे सगळ्यांनी बघितलं. तो उठल्यावर राजानं काय केलं? कुणी बघितलं?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. मग मेंढरंवाल्याची नात उठली, रेणुका, नववीतली. ही पोरगी इतकी हळू बोलायची की म्हशीच्या रवंथाचा आवाज मोठा. मी हातातली पेंडी तशीच धरली.

"सर, अप्पाचा हात तसाच होता."

"कसा?"

"शिवराजअण्णाचं डोस्कं धरल्यासारखा. अण्णा उठून गेले तरी हात खाली आला न्हाई. वरच होता, रिकामा. अण्णा फेटा बांधून आले आणि पुन्हा त्यातच डोस्कं ठेवले." मग म्हणाली, "सर, लेक जिता झाला तवा हात रिकामा होता. मेल्यावर भरला."

मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. पोरांना म्हणाले, "आज एवढंच. घरी जावा."

मी पेंडी खाली टाकली. आईशप्पथ, मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या जागी बसत होतो, माझाच हात, आणि मला ठाऊक नव्हतं तो कुठं असतो. लोकांनी माझ्या आवाजाची तारीफ केली होती, मिशांची केली होती. हात कुणी पाहिला नव्हता. आरशासमोर बसून मी हात तसा धरून पाहिला. मंडळी म्हणाली, "काय, पाणी पायजे का?"

आता माणसानं काय करावं? मी काय केलं ते सांगतो. पुढच्या जत्रेत शिवराज आहेराला उठला आणि मी हात धरला. असा धरला की शेवटच्या रांगेतल्या आंधळ्याला दिसावा. बोटं जरा थरथरवली. मनात म्हटलं, घ्या, आता बघा. खुर्चीकडं नजर टाकली. पाठ.

सकाळी मी जनावरांपाशी वेळेच्या आधीच जाऊन उभा. मास्तरांनी विचारलं, "रेणुका, यंदा हात?"

पोरगी खाली बघत राहिली. तिला दिसत होतो मी.

"बोल की. पाह्यलं तेवढंच सांग."

"सर, यंदा अप्पा बी हाताकडंच बघायलते."

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. मी दावं सोडून अंगणात आलो. म्हटलं, "मास्तर, ही शाळा उद्यापासून माझ्या दारात न्हाई. आणि खोली बी खाली करा."

"बरं अप्पा," मास्तर म्हणाले. त्यांनी खुर्ची घडी केली, पोरं गेली. ते माडीवर गेले आणि खरंच ट्रंक भरायला लागले. नको, राहू द्या, असं काही म्हणतील म्हणून मी थांबलो होतो. ते माणूस तसलं नव्हतं.

मंडळीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. म्हणाली, "त्या लेकरानं खरं बोललं म्हणून खोली खाली करायलाव व्हय? मग आधी मी जाते. म्या तर लगीन झाल्यापासून खरं बोलायले."

दुपारपर्यंत मी तग धरला. मग भुकेनं म्हणा, कशानं म्हणा, माडी चढलो. मास्तर ट्रंकेवर बसले होते. मी विचारलं, "ती पोरगी खोटं बोलली का?"

"न्हाई अप्पा."

"मग मी काय करू ते सांगा. गेल्या साली मी काय बी केलं न्हाई तर चांगलं झालं. यंदा केलं तर बिघडलं. ह्याला काय म्हणावं?"

मास्तरांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. म्हणाले, "मला ठाऊक न्हाई अप्पा. मला फकस्त बघता येतं. करायला आलं असतं तर मी माणसांकडं पाठ केली असती, तुमच्याकडं न्हाई."

हे त्यांनी इतकं साधं सांगितलं की माझा राग बसायला जागाच राहिली नाही. मी म्हटलं, "चला, भाकरी खावा. नाहीतर मला बी मिळायची न्हाई." शाळा पुन्हा लिंबाखाली सुरू झाली. फक्त मी आता जनावरांचा बहाणा सोडला. पोत्यावर बसून उघड ऐकायला लागलो. बोलायचो नाही.

वर्षं गेली. रेणुका भालकीला कॉलेजला गेली, जत्रेला मात्र यायची आणि सकाळी मोठ्या पोरीसारखी मागं बसायची. माझे गुडघे धरू लागले. लढाईत तलवार फिरवताना मी खांबाचा आधार घ्यायचो, लोक म्हणायचे राजा चिंतेत आहे. आणि मास्तरांचं नोकरीतलं शेवटचं साल आलं. शाळा सुटली की ते कलबुर्गीला लेकीकडं जाणार होते. म्हणजे एकच जत्रा उरली. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं, शिवराजला ठाऊक होतं. शिवराज भला माणूस. म्हणाला, "अप्पा, मी मास्तरला सांगून ठेवू का? एकदा वळा म्हणून."

मी म्हटलं, "सांगितलास तर तुझं डोस्कं हातातनं खाली सोडीन."

त्याच साली कमिटीनं ठराव केला, आहेर शेवटी, नाटकात मधी नाही. बाहेरचे हसतात म्हणून. गुडीत बैठक झाली, सगळ्यांनी हात वर केले. मीही केला.

नाटक चांगलं चाललं होतं. तेही मी आवाजावरून सांगतो, गर्दीच्या. खुर्ची नेहमीच्या जागी, पाठ नेहमीसारखी, डोक्यावरचे पांढरे केस दिव्यात चमकत होते. शिवराज पडला. मी गुडघे सांभाळत खाली बसलो, त्याचं डोकं हातावर घेतलं, आणि थांबलो.

कामून थांबलो? कारण इतकी वर्षं तिथं थांबायचीच सवय. आता माईकवर पुकारा होणार, मामा येणार, हा उठणार. ठराव-बिराव माझ्या डोक्यातून पार गेला होता. मी थांबलो. पेटीवाल्यानं सूर धरून ठेवला. पडद्याआडून कुणी तरी पुढचा संवाद सांगत होता, मला ऐकू आला, पण मला वाटलं त्याला कळत नाही, अजून आहेर व्हायचाय. मी शिवराजकडं बघितलं. डोळे मिटलेले. उठेना. दरसाल उठतो, आणि यंदा उठेना.

मी हळूच म्हटलं, त्याच्यापुरतं, "मामा आला न्हाई का रं तुझा?"

वर माईक टांगलेला होता. ते सगळ्या गावानं ऐकलं.

नाटकात नसलेलं वाक्य. हसतील, असं वाटायच्या आधीच मला आठवलं, की आता कुणी येणार नाही. हा उठणार नाही. आणि त्याचं डोकं हातात एकदम जड झालं. कसं सांगू? तितकंच डोकं, तितकाच शिवराज. पुढचं लांबलचक भाषण मी विसरलो. मी म्हटलं, "ऊठ की." परत म्हटलं, "ऊठ की रं बाळा."

एकही माणूस हसला नाही. मी मान वर केली, कुणाकडं तरी बघायचं म्हणून, आणि खांबाच्या कडेला, जिथं नेहमी पांढरे केस दिसायचे, तिथं दोन काचा चमकल्या. मास्तरांचा चष्मा.

मग पडदा पडला.

त्या रात्री मी मास्तरांशी बोललो नाही, त्यांनीही माझ्याशी नाही. कायदाच होता तो त्यांचा, झोपून उठल्याशिवाय बोलायचं नाही. मंडळीनं नुसती माझ्या पाठीवर हळद-तेल चोळलं. तीही गप्प. आमच्या घरात ही मोठी गोष्ट.

आता मास्तर कलबुर्गीला असतात. फोन करतात. मी विचारतो, "काय बघायलाव?" म्हणतात, "दवाखान्यात बसतो अप्पा. डॉक्टर आत बोलावतो तवा बाहेरची माणसं कशी उठतात, ते बघायलोय." त्या रात्रीचं मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं तर ते काहीतरी खाली ठेवतील आणि खरं सांगतील. मला खरं माहीत आहे. लोकांच्या तोंडावर त्यांना असं काही दिसलं असेल, जे कशानं झालं ते त्यांना स्टेजकडं पाठ करून ओळखता आलं नाही. म्हणून वळले. माझ्यासाठी नव्हे. पण वळले.

त्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, लिंबाखाली पोरं जमायच्या आधी, मी गुडीसमोर गेलो. काचा चमकल्या म्हणजे चष्माच असेल असं नाही, आणि पाहिलं तेवढंच खरं धरायचं हे मी त्या अंगणातच शिकलो होतो. मंडप अजून तसाच होता. खांबाच्या कडेला भुईवर लोखंडी पायांच्या खुणा होत्या, आणि तिथून धूळ अर्धी गोल ओरखडली होती, स्टेजकडं. मी वाकून हात लावून पाहिलं. मग घरी आलो, मुकुट धोतराच्या पानात बांधला आणि शिवराजच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो दात घासत होता. मी म्हटलं, "घे. कपाळाला रुततो, आत चिंधी लाव." हाताचं सांगावं असं अगदी ओठावर आलं होतं. नाही सांगितलं. इतकी वर्षं त्या हातात डोकं त्याचंच होतं.